समुद्रकाठच्या घरी पाहुणे उतरतात तेव्हा: पहिल्या तासाची तयारी

प्रश्न थोडक्यात असा आहे: तारकर्ली-देवबाग पट्ट्यात, किनाऱ्यापासून दीडेकशे मीटरवर तीन खोल्यांचं घर आहे. मालक मुंबईत असतात, गावी राखणीला एक जोडपं आहे. दिवाळीपासून सहा ते आठ जणांच्या कुटुंबांना घर द्यायचं आहे. पाहुण्यांचं स्वागत कसं करावं, घरात काय ठेवावं, कुठे चुकतं?

‘येवा, कोकण आपलोच आसा’ ही पाटी आता दर तिसऱ्या बेड्यावर (फाटकावर) दिसते, तेव्हा पाटीवर पैसे घालू नका. आठ-दहा तास प्रवास करून आलेल्या माणसाला त्या क्षणी चार गोष्टी हव्या असतात: रस्ता न चुकता घर सापडणं, स्वच्छ संडास, प्यायला गार पाणी आणि पाठ टेकायला कोरडा बिछाना. या चारांपैकी एक जरी हुकली तरी पुढचे दोन दिवस पाहुणा घरातल्या चुका मोजत बसतो. म्हणून पहिला तास नीट जमवा. त्यातलं निम्मं काम पाहुणा घरून निघायच्या आधीच होतं.

बुकिंग घेताना पाच गोष्टी विचाराच: मोठी माणसं किती, मुलं किती आणि किती वयाची, गुडघेदुखीचं कोणी आहे का, गाडी कोणती, आणि शाकाहारी किती. ‘सहा जण’ म्हणून नऊ येणं हा या धंद्यातला नेहमीचा प्रकार. जादा गादीचा दर आधीच लिहून कळवलेला असेल तर दारात वाद होत नाही. गाडीचं विचारायचं कारण वेगळं आहे. आपल्याकडे दोन्ही बाजूंनी चिऱ्यांचे गडगे आणि मधून जेमतेम आठ फुटांची पाणंद असते. मोठी मोटार आरसे मिटून जाते, पण टेम्पो ट्रॅव्हलर सुमारे दोन मीटर रुंद, तो वळणावर अडकतो आणि मागे घ्यायलाही जागा नसते. टेपने पाणंदीची सगळ्यात अरुंद जागा एकदा मोजा. मोठी गाडी असेल तर ती कुठे लावायची आणि सामान कोण आणणार, हे आधीच ठरवून कळवा.

नकाशावरच्या खुणेवर पूर्ण विसंबू नका. नकाशा जवळचा रस्ता दाखवतो, आणि तो कधी पायऱ्यांच्या पाखाडीवर, कधी कोणाच्या माडाच्या बागेत संपतो. खूण तर पाठवाच, पण शेवटच्या दोन किलोमीटरचं वर्णन शब्दांत द्या आणि दोन फोटो जोडा: एक शेवटच्या वळणाचा, एक बेड्याचा. फोटो दिवसाचा आणि रात्रीचाही असावा, कारण बरीच मंडळी अंधार पडल्यावर पोचतात आणि रात्री सगळे गडगे सारखेच दिसतात. निघण्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाठवायचा निरोप साधारण असा:

‘नमस्कार. उद्या आपली वाट पाहतो. मालवण एसटी स्टँड सोडल्यावर तारकर्ली रस्त्याला लागा. अमुक देवळानंतर डावीकडे दुसरी पाणंद, कोपऱ्यात निळी टाकी आहे (फोटो १). बेडं हिरवं आहे (फोटो २), गाडी आत माडांपासून लांब लावा. घरी अमुक काकी असतील, नंबर हा. तो लागला नाही तर हा दुसरा. पेट्रोल आणि रोख पैसे मालवणातच घ्या. गावात अमुक कंपनीचं नेटवर्क चांगलं चालतं, बाकीची अधूनमधून. रात्री जेवण हवं असेल तर दुपारी तीनपर्यंत कळवा: शाकाहारी किती, मासे खाणारे किती.’

हा निरोप एवढाच ठेवा. घराचे नियम, दंड, कचरा, संगीत यांची यादी यातच कोंबली की कोणी वाचत नाही आणि पाहुण्याला उगाच आपण वसतिगृहात चाललोय असं वाटतं.

आता वेळेचा घोळ. तुमची येण्याची वेळ दुपारी एक, जाण्याची सकाळी दहा. पण कोकणकन्या किंवा तुतारी एक्स्प्रेसने रात्री निघालेलं कुटुंब कुडाळला सकाळीच उतरतं आणि रिक्षा करून तासाभरात तुमच्या खळ्यात (अंगणात) उभं राहतं. आदले पाहुणे अजून चहा पीत असतात. ‘एकनंतर या’ हे उत्तर चूक आहे, खोली लवकर देण्याचं आश्वासनही चूक. तीन खोल्या दोन माणसांनी नीट आवरायला तीन तास लागतातच. यावर उपाय म्हणजे खोल्यांबाहेरचं एक न्हाणीघर आणि संडास, पडवीत दोन बाकं, सामान ठेवायला कुलपाचं एक कपाट, आणि चहा-नाश्ता. आंघोळ झाली, घावणे-चटणी पोटात गेली की माणूस दुपारपर्यंत समुद्रावर आनंदाने जातो. घर बांधून झालेलं असेल तरी मागच्या पडवीला लागून असं न्हाणीघर काढून घ्या, त्याचा खर्च वसूल होतो.

दार उघडल्यावर नाकाला आधी कळतं. बंद घराला किनाऱ्यावर दमट वास येतो, कारण हवेतलं मीठ गाद्या आणि पडद्यांत ओल धरून ठेवतं. सुवासिक फवारे मारले की वास दुप्पट होतो, कुबट अधिक मोगरा असा. येण्याच्या दिवशी सकाळी दहा ते एक सगळ्या खिडक्या आणि कपाटांची दारं उघडी ठेवा, पंखे पूर्ण वेगाने लावा, गाद्या भिंतीपासून वीतभर ओढून घ्या. तिन्हीसांजेला मात्र डास शिरायच्या आत खिडक्या बंद करा किंवा जाळ्या लावा. कपाटात साधा लाकडी कोळसा कापडात बांधून ठेवला तर थोडा उपयोग होतो, पण तो पंधरा दिवसांनी उन्हात वाळवायला लागतो. डांबरगोळ्या नकोत, त्यांचा वास चादरीला लागतो. चादरींचे प्रत्येक पलंगामागे तीन संच ठेवा: एक अंथरलेला, एक धुण्यात, एक कपाटात. पावसाळ्यात घर देणार असाल तर चार, कारण जुलैत दोरीवरची चादर दोन दिवसांतही वाळत नाही.

टॉवेलांबद्दल एक खाचखळग्याची गोष्ट. पांढरे टॉवेल छान दिसतात म्हणून सगळे पांढरे घेतात आणि महिन्याभरात त्यांवर गंजासारखे पिवळे-तांबडे डाग पडतात. तो गंजच असतो, एका अर्थी. सनस्क्रीनमधला एव्होबेन्झोन हा घटक पाण्यातल्या लोहाशी मिळून डाग धरतो आणि जांभ्याच्या भागात बोअरच्या पाण्यात लोह सहज असतं. त्यावर ब्लीच घातलं तर डाग आणखी पक्का होतो. कोमट पाण्यात सायट्रिक आम्ल किंवा लिंबाचा रस घालून तासभर भिजवा, मग धुवा. सोपा मार्ग म्हणजे आंघोळीला पांढरे आणि समुद्रासाठी वेगळे गडद निळे टॉवेल, माणशी एक, पडवीतल्या खुंटीवर. खुंटीवर दिसले की आंघोळीचे टॉवेल समुद्रावर जात नाहीत.

वाळू ही किनाऱ्यावरच्या घराची सगळ्यात महाग गोष्ट आहे. ती गादीत जाते, लादीवर ओरखडे काढते आणि न्हाणीघराच्या ट्रॅपमध्ये (मोरीच्या जाळीखालच्या खोलगट भागात) बसून पाणी तुंबवते. पाहुण्याला ‘पाय धुऊन या’ असं सांगून उपयोग नाही, पाय धुतल्याशिवाय आत येताच येणार नाही अशी जागा करा. बेड्यापासून घराकडे येणाऱ्या वाटेवरच चिऱ्याचा एक उंचवटा, गुडघ्याच्या उंचीवर एक नळ आणि डोक्यावर एक शॉवर. खाली फरशीला उतार आणि पाणी थेट गटारात न सोडता आधी दीड फूट बाय दीड फुटाच्या चेंबरमध्ये. चेंबरमधून बाहेर जाणारा पाइप तळापासून फूटभर वर घ्या, म्हणजे वाळू खाली बसते आणि वरचं पाणी माडाच्या आळ्यात जातं. गर्दीच्या दिवसांत दर आठवड्याला घमेल्याने वाळू उपसा. त्यानंतर दारात काथ्याचं जाड पायपुसणं, आत सुती. काथ्याचं एकच ठेवलं तर ते भिजून राहतं आणि त्याला वास मारतो.

पाण्याचा हिशेब आधी करा, कारण समुद्रावरचा पाहुणा दिवसातून दोनदा आंघोळ करतो. आठ जणांना माणशी दीडशे लिटर धरलं तर बाराशे लिटर झाले. हजारची टाकी संध्याकाळी सहाला संपते, नेमके सगळे अंगाला मीठ घेऊन परत येतात तेव्हा. दोन हजारची टाकी हवी, आणि ती पहाटेच भरलेली हवी. इथे एक सावधगिरी: किनाऱ्यालगत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. बावीतून किंवा बोअरमधून सलग दोन-तीन तास पंप चालवला की खालचं खारं पाणी वर ओढलं जातं आणि पाणी मचूळ होतं. अर्धा-पाऊण तास पंप, मग तासभर विश्रांती, असं टप्प्याटप्प्याने भरा. एप्रिल-मेमध्ये तर हे पाळाच. पिण्यासाठी वीस लिटरचे जार ठेवा आणि न्हाणीघरात ‘हे पाणी पिऊ नये, साबणाला फेस कमी येतो’ अशी छोटी पाटी लावा. फेस येत नाही ही तक्रार त्यामुळे आपोआप थांबते. शाम्पूच्या पुड्या मात्र दोन जास्त ठेवा.

गरम पाणी: पंधरा लिटरचा, दोन किलोवॅटचा गिझर टाकी तापवायला सुमारे सतरा मिनिटं घेतो आणि त्यात कोमट करून दोन बादल्या निघतात. म्हणजे माणशी पाऊण ते एक बादली धरली तरी एका न्हाणीघरात तासाला सात-आठ माणसांपेक्षा जास्त होत नाहीत, आणि मचूळ पाण्याने कॉइलवर क्षाराचा थर चढला की निम्मीच. दरवर्षी दिवाळीआधी कॉइल काढून साफ करून घ्या, आतला अॅनोड रॉड (टाकीला गंजापासून वाचवणारी कांडी) खाल्ला गेला असेल तर बदला. गिझर आणि बाहेरच्या सगळ्या पॉइंटवर ३० मिलिअॅम्पिअरची आरसीसीबी (वीज गळू लागताच प्रवाह तोडणारी कळ) असायलाच हवी. ओले पाय, खारी हवा आणि गंजलेलं अर्थिंग एकत्र आलं की बाकी काही लागत नाही. तिचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा.

वीज जाते, हे गृहीत धरा. इन्व्हर्टरच्या १५० अॅम्पिअर-तासाच्या एका बॅटरीत नावाला १८०० वॅट-तास असतात, हाताशी येतात अकराशे-बाराशे. तीन साधे पंखे, आठ एलईडी दिवे आणि वायफाय मिळून तीनशे वॅट धरा, म्हणजे पावणेचार तास. तेच पंखे बीएलडीसीचे (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) घेतले तर साडेसहा तास, रात्र निघते. पाहुण्याला एवढंच सांगायचं: ‘दिवे जाणार नाहीत, एसी आणि गिझर मात्र बंद पडतील.’ हे आधी सांगितलं तर वीज गेल्यावर फोन येत नाही. कुलपं पितळेची घ्या. आकड्यांची बॅटरीवाली कुलपं खाऱ्या हवेत वर्ष-दोन वर्षांत हट्टीपणा करतात. एक जादा किल्ली शेजारच्या घरात असू द्या. नळ, कड्या आणि बिजागरं स्टेनलेसची घेताना ३१६ ग्रेड मागा, ३०४ ला किनाऱ्यावर तांबूस ठिपके येतात.

आता प्रत्यक्ष स्वागत. गाडीचा आवाज आला की राखणीची व्यक्ती बेड्यापर्यंत जावी, एक बॅग हातात घ्यावी आणि आधी म्हाताऱ्या माणसाशी बोलावं. पाहुण्यांना पडवीत बसवून तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा, मग कोकम सरबत. सरबतात नेहमी एक चूक होते: आगळ वापरलं जातं. आगळ हा कोकमाचा खारवलेला रस, तो सोलकढीसाठी. त्यात साखर घालून दिलं की खारट-गोड भलतंच लागतं. सरबताला साखरेतलं अमृत कोकम घ्या: एक भाग अमृत कोकम, चार भाग गार पाणी, पेल्याला चिमूट जिरेपूड, किंचित सैंधव. मधुमेही कोणी असेल तर त्यांना ताक किंवा शहाळं विचारा. खोलीत थाळीभर वस्तू मांडून ठेवण्यापेक्षा एका वाटीत खाजं, एका वाटीत भाजलेले काजू पुरेत, मुंग्या लागणार नाहीत अशा झाकणाखाली.

सरबत संपल्यावर, आधी नाही, घर दाखवा. क्रम असा: पाय धुण्याची जागा, संडास आणि त्यातली झाकणाची कचरापेटी, गिझरचं बटण, पिण्याचं पाणी, गॅसचा कॉक, बॅटरीचा टॉर्च कुठे आहे ते. सात-आठ मिनिटांत आटपा. संडासातली पेटी मुद्दाम दाखवायची कारण सेप्टिक टाकीत डायपर आणि पॅड गेले की टाकी तुंबते, आणि देवबागसारख्या वाळूच्या पट्टीवर जमिनीतलं पाणी वरच असतं, त्यामुळे पावसाळ्यात उपसणंही कठीण. संडासात अॅसिड आणि ब्लीच ओतायचं टाळा, टाकीतले जिवाणू मरतात. टॉर्च दाखवताना सांगा की रात्री बागेत चप्पल आणि उजेड याशिवाय जाऊ नये, फुरसं (विषारी साप) पाचोळ्यात दिसत नाही. आणि माडाखाली खाट, पाळणा किंवा गाडी नको. हंगामाआधी पाडेली बोलावून सुके नारळ आणि लोंबत्या झावळ्या उतरवून घ्या. एवढं झालं की राखणीच्या माणसाने निघून जावं. वीस मिनिटांपेक्षा जास्त घुटमळणारा यजमान पाहुण्याला नको असतो.

नोंदवही त्याच वेळी नको, चहाच्या वेळी घ्या. प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र पाहा, आधारची प्रत घेत असाल तर पहिले अंक झाकलेली चालते. परदेशी पाहुणा असेल तर सी-फॉर्म म्हणून ओळखली जाणारी ऑनलाइन नोंद २४ तासांच्या आत करावी लागते. गॅसबाबतही कायदा आहे: १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर अशा घराला चालत नाही, १९ किलोचा व्यावसायिक घ्या.

समुद्राची माहिती मात्र घाईत देऊ नका. पहिल्या फेरीला राखणीच्या माणसाने पाहुण्यांबरोबर किनाऱ्यापर्यंत जावं, कारण पहिल्या दिवशीच्या उत्साहात धोका लक्षात येत नाही. भरतीची वेळ काढायची आपल्याकडची जुनी रीत पाहुण्यांनाही आवडते: तिथीची पाऊणपट करा. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे पहाटे आणि दुपारी साडेचार-पाचच्या सुमारास पूर्ण भरती, त्याच्या सहा तास पुढे-मागे पूर्ण ओहोटी. वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. हा ठोकताळा आहे. मालवणकडे भरती आधी येते, अलिबाग-मुंबईकडे नंतर, त्यामुळे तासाभराचा फरक धरायचा आणि नेमक्या वेळा भरतीच्या तक्त्यातून दारावरच्या फळ्यावर खडूने लिहायच्या. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जास्त चढतं आणि जास्त ओढतं, अष्टमीच्या भांगेला, म्हणजे लहान भरतीला, कमी.

फळ्यावर याखाली तीन ओळी: ओहोटी लागल्यावर पाण्यात उतरू नये. कमरेपलीकडे जाऊ नये. दारू घेतल्यावर मुळीच नाही. आणि तोंडी सांगायची चौथी: दोन बाजूंना लाटा फुटतायत आणि मधला पट्टा शांत, गढूळ दिसतोय, तर तिथेच पाणी आत ओढत असतं. नवख्याला नेमकी तीच जागा सुरक्षित वाटते. ओढला गेलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला या. नदी समुद्राला मिळते त्या तोंडाशी, देवबागला कर्ली मिळते तिथे, पोहणं नाहीच. गाडी वाळूवर न्यायची नाही, हेही सांगा. चाक रुतलं की भरती ट्रॅक्टरची वाट बघत नाही. उथळ पाण्यात पाय घासत चालावं म्हणजे वाळूत बसलेलं पाकट सरकून जातं. जेलीफिशचा डंख झाला तर वाळूने चोळू नका, गोड्या पाण्याने धुऊ नका. समुद्राच्याच पाण्याने धुऊन चिकटलेले धागे चिमट्याने काढा, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात भाग बुडवा. रुग्णवाहिका १०८, आपत्कालीन ११२, समुद्रात कोणी अडकलं तर तटरक्षक दल १५५४. हे आकडे फळ्यावर कायमचे रंगवून घ्या.

समुद्राकडे तोंड केलेले दिवे रात्री बंद ठेवा किंवा त्यांना उजेड खालीच पडेल अशी छत्री लावा. नोव्हेंबर ते मार्च हा ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा काळ, आणि पिल्लं उजेडाकडे वळतात, मग समुद्राकडे जायची ती घराकडे येतात.

जेवणाबद्दल फार लिहीत नाही, राखणीच्या काकींना माहीत आहे. फक्त मासळीचा दर आधी छापू नका. सुरमई-पापलेटचा भाव रोज बदलतो, तेव्हा ‘बाजारभाव अधिक करणावळ’ असं सांगा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, त्या काळात खाडीची मासळी किंवा बर्फातली मिळते, हे पाहुण्याला बुकिंगच्या वेळीच कळू द्या. मे अखेरपासून ऑगस्टपर्यंत जलक्रीडा आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्याही बंद असतात. शाकाहाऱ्यांचे तवे आणि कढया वेगळ्या ठेवा, आणि तसं आहे हे सांगा.

दोन काळात बुकिंग घेऊच नका: गणपती आणि शिमगा. त्या दिवसांत काकी-काका त्यांच्या घरचे असतात, पाडेली, रिक्षावाला, वायरमन कोणीही हाताला लागत नाही, गाड्या भरलेल्या, महामार्ग तुंबलेला. भाडं दुप्पट मिळतं, पण एक फ्यूज उडाला तर तो जोडायला माणूस नसतो.

निघायच्या आदल्या रात्री एक छोटा निरोप: सकाळी दहा, चहा साडेसातला, वाटेत खायला डबा हवा का. पाहुणे गेल्यावर सगळ्यात आधी चादरी आणि टॉवेल दोरीवर, मग गाद्यांवर हात फिरवून वाळू, मग न्हाणीघरांचे ट्रॅप उघडून केस आणि वाळू, मग पाण्याची टाकी. चार्जर आणि मुलांचे पोहायचे कपडे हमखास राहतात: चार्जर पलंगाच्या मागच्या सॉकेटला, कपडे मागच्या दोरीवर. गाडी महामार्गाला लागायच्या आत तिथे बघा.